सव्वातीन तोळे बटाटा

सराफाच्या पेढीवर पाऊल टाकलं की "या साहेब, काय दाखवू?" असं विचारायची रीत आहे. मला परवा विचारलं, "हे गळतंय का?"

गळत नव्हतं. मिसळणाचा डबा होता, झाकण घट्ट होतं, वरून रबर लावलेलं होतं. तरी दारावरच्या वॉचमननं तो माझ्या हातून घेतला, कानाशी नेऊन हलवला, मग हुंगला. जळगावच्या सराफ बाजारात लोक पिशवीत, कमरेला, टिफिनमध्ये लपवून काय काय आणतात ते त्यानं आयुष्यभर पाहिलं असणार, पण हळदीचा वास येणारा ऐवज बहुधा पहिलाच.

"आत काय आहे?"

"बटाटे."

त्यानं मला सोडलं, पण डबा उघडा धरून चालायच्या अटीवर. चांगला कायम नोकरीतला माणूस आहे मी. आमचं मंगळसूत्र याच पेढीवर झालंय.

झालं असं की कन्या नववीत आहे आणि शाळेला 'कृतीतून शिक्षण' नावाचा नवा आजार झालाय. कृती आईबापांनी करायची आणि शिक्षण झालंच तर पोरांचं. प्रकल्प आला: वनस्पतींच्या ऊतीतलं परासरण तपासा. सहा ग्लास घ्यायचे. पहिल्यात साधं पाणी, शेवटच्यात १ मोलर साखरेचं पाणी, म्हणजे लिटरला ३४२ ग्रॅम साखर, आणि मधल्यांत ०.२, ०.४ असं चढत जायचं. प्रत्येकात एकाच मापाची बटाट्याची कांडी रात्रभर बुडवायची. आधीचं वजन, नंतरचं वजन, फरकाची टक्केवारी, आलेख. एवढंच असतं तर मी हूं की चूं केलं नसतं. खाली बारीक अक्षरात टीप होती: 'वजने ग्रॅमच्या दोन दशांशस्थळांपर्यंत घ्यावीत.'

आता इतकं बारीक वजन करणारा काटा कुठल्या घरात असतो? आमच्या स्वयंपाकघरातला काटा पाच ग्रॅमला कधी चार म्हणतो, कधी सहा, आणि फ्रीज सुरू झाला की शून्य. शाळेत काटा नाही असं नाही. प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, पालकसभेच्या दिवशी मी तो काचेतून स्वतः पाहिलाय. पण तो डेडस्टॉक रजिस्टरला चढलेला आहे. रजिस्टरला चढलेली वस्तू बिघडली तर वसुली बाईंच्या पगारातून, म्हणून बाई कुलूप काढत नाहीत. दर वर्षी तपासणीला त्याची नोंद होते: काटा, नग १, सुस्थितीत. वजन करायच्या यंत्राचा सगळा जन्म स्वतःला मोजून घेण्यात चाललाय.

बटाट्याचं प्रकरण उरकून टाकतो. भाजीवालीनं विचारलं, "इंदुरी देऊ का तळेगाव?" मी म्हटलं, "ज्याच्या पेशी चांगल्या असतील तो." तिनं कोल्ड स्टोरेजचा दिला, आणि हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. सहा ग्लासांना मिळून दोनशे ग्रॅमच्या वर साखर गेली. दिवाळी तोंडावर असताना बायकोच्या डब्यातून दोनशे ग्रॅम साखर काढणं हा वेगळाच प्रयोग आहे, त्याचा आलेख मी काढत नाही. आईनं ओट्यावरचे ग्लास बघितले आणि म्हणाली, "काकडीले मीठ लावं का पानी सुटस. यामा काय शोधतस तुम्ही?" तिला म्हटलं, तेच शोधतोय. तर म्हणे, माले इचारतात ना.

तिचं काही चुकलं नव्हतं. पेशीचा पडदा पाण्याला वाट देतो, साखरेला देत नाही. मग साखर जिकडे जास्त तिकडे पाणी जातं. परासरण म्हणतात ते हेच. ग्लासात साधं पाणी असलं की बटाटा पितो आणि ताठ होतो. ग्लासात पाक असला की पाकच बटाट्याला पितो, पेशीतला रस आकसतो आणि कांडी बोटावर लोंबते. कोशिंबिरीत हेच होतं, लोणच्यात हेच होतं. फक्त लोणचं घालताना कुणी दशांशस्थळ विचारत नाही.

तर काटा म्हणून सराफ आठवला. आदल्या संध्याकाळी पेढी रिकामी होती, शेठ ओळखीचे, हसत हसत कांड्या मोजून दिल्या. एकेक साधारण ५.४ ग्रॅमची. काट्यावरचा मुलगा सवयीनं म्हणालासुद्धा, "अर्ध्या तोळ्याच्या वर भरला साहेब." सहा मिळून सव्वातीन तोळे. दुसऱ्या दिवशी रात्रभर भिजलेल्या कांड्या घेऊन गेलो, आणि निघालं गुरुपुष्यामृत.

ज्यांनी हा योग जळगावात पाहिला नाही त्यांना काय सांगणार. तोळ्याचा भाव लाखाच्या पुढे गेला तरी लोक निदान ग्रॅमभर तरी घ्यायला येतातच, घराण्याची रीत म्हणून. सोफ्यावर जागा नव्हती, स्टुलांवर जागा नव्हती, एसीसमोर बाळं झोपवलेली होती. कन्या बरोबर येणार होती, ती कोपऱ्यावरच उतरली. "बाबा प्लीज, तिथं माझ्या मैत्रिणीची मावशी असते." म्हणजे प्रकल्प तिचा आणि मावशी मला.

मी डबा उघडा धरून काट्यापाशी उभा राहिलो. आणि तिथंच आप्पा होते.

आप्पा म्हणजे पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, टोपी, खांद्यावर रुमाल, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. मोड द्यायला आले होते. घरातल्या जुन्या पाटल्या, हरभऱ्याच्या बियाण्याखतासाठी. शेठनं वजनात घट सांगितली होती आणि आप्पांना ती पटली नव्हती, त्यामुळे ते पैसे न घेता आणि पाटल्याही परत न घेता नुसते बसून होते. कुणाशी तरी भांडायला मिळावं अशा बेतात. त्यांची नजर डब्यावर पडली.

"काय शे रे भाऊ डबामा?"

घरी आम्हीही अहिराणीच बोलतो. पण पेढीवरच्या एसीत माझ्या तोंडून आपोआप शुद्ध मराठी निघायला लागते, जुनी खोड आहे. "बटाटे आहेत. प्रयोगाचे," मी म्हणालो.

"गहान ठेवस का काय?"

सोफ्यावरच्या बायका हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. गर्दीत काट्यावरच्या मुलाचा मूड नव्हता, पण कालची ओळख होती. त्यानं मखमलीचा ट्रे बाजूला सारला, काचेची पेटी उघडली. मी पहिली कांडी, साध्या पाण्यातली, रुमालानं टिपली. टिपावीच लागते, नाहीतर वरवरचं पाणी वजनात येतं. मुलानं ती चिमट्यानं काट्यावर ठेवली. चिमटा हिरे उचलायचा.

"५.९६."

"काल कितलं व्हतं?" आप्पा उठून माझ्या खांद्याशी आले होते.

"५.४२."

"रातभर काय करं?"

"पाण्यात ठेवला होता."

आप्पांनी डोळे मिटले, ओठ हलवले. मी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत त्यांचं झालं होतं. "धा टक्का वाढनं." मग ते वळले आणि सगळ्या पेढीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पानी मारेल शे!"

आमच्या भागात या शब्दांना काय वजन आहे हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. खुनाच्या आरोपातून माणूस सुटतो, वजन वाढवायला मालावर पाणी मारल्याच्या नाही. ज्या बायका हसत होत्या त्या गप्प झाल्या. वॉचमननं आत डोकावून पाहिलं.

"आप्पा, मारलं नाही. आपोआप आत गेलं. पेशीचा पडदा असतो..."

"आमना कापूसमा बी आपसुकच जास. दव पडस."

यावर मला काही सुचलं नाही, आणि तेवढ्यात आप्पा सुटले. पहिल्या वेचणीचा कापूस सकाळच्या दवात वल्ला असतोच, तो काय पंख्याखाली वाळवायचा? गाडी लावली की व्यापारी आत हात घालणार, मुठीत दाबणार, नाक मुरडणार, कट्टी लावणार, म्हणजे ओलीच्या नावानं कापून घेणार. सरकारी केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण हमीभाव, १२ च्या वर गेला तर घेतच नाहीत, गाडी परत, भाडं अंगावर. "आन तुनी पोर बटाटाले रातभर पानी पाजस, धा टक्का वजन वाढावस, तिले मार्क भेटतस?"

खरं तर कापसाचं ते परासरण नव्हे. कापसाचा तंतू मेलेला, त्याला जिवंत पडदा नाही, तो हवेतली ओल नुसती शोषून घेतो. म्हणून तर बटाटासुद्धा उकडून घेतला की हा प्रयोग फसतो, पडदाच मरतो. हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण गुरुपुष्यामृताच्या गर्दीत, हातात ओला रुमाल, मागे बारा गिऱ्हाइकं खोळंबलेली, अशा वेळी कट्टी सोसलेल्या माणसाला मेलेला तंतू समजावणाऱ्याची छाती वेगळी असते.

त्यात काट्यानं दगा दिला. कांडी अजून पेटीतच होती आणि आकडा उतरायला लागला. ५.९६, ५.९५, खालचे मिलीग्रॅम तर पळतच होते. ओला बटाटा, वर दुकानाचे झगझगीत दिवे, पाणी उडून जात होतं, दुसरं काय.

"देखा! डोयासमोर कमी व्हई ऱ्हायनं!" आप्पांनी शेठना हाक मारली. "शेठ, हाई देखा. तुमना काटाच घट खास!"

आता शेठ गादीवरून उठले. पेढीच्या काट्यावर बोट ठेवणं म्हणजे सराफाच्या गळ्यावर बोट ठेवणं, आणि तेही भरल्या गर्दीत. त्यांनी आप्पांना काही म्हटलं नाही. मोडीचं गिऱ्हाईक. मला म्हणाले, "साहेब, तुम्ही शिकलेले आहात ना?"

या वाक्याचा मी रात्री बराच विचार केला. उत्तर सापडलेलं नाही.

मुलगा काटा पुसत होता. स्पिरिटनं, कापसानं, माझ्यासमोर, दोनदा. या वेळात मला झाँ-आंत्वान नोले आठवला. फ्रान्समधला पाद्री, १७४८ साली यानं दारूचा अर्क भरलेल्या भांड्याच्या तोंडावर डुकराचा मूत्राशय ताणून बांधला, भांडं पाण्यात बुडवलं आणि मूत्राशय फुगून वर आलेला पाहिला. परासरणाची पहिली नोंद ती. पाद्री, हातात डुकराचा मूत्राशय आणि दारू, आणि त्याला कुणी "तुम्ही शिकलेले आहात ना" म्हटल्याचं इतिहासात नाही. उलट याच गृहस्थानं दोन वर्षं आधी राजासमोर १८० शिपाई हातात हात गुंफून उभे केले होते आणि त्यांच्यातून विजेचा झटका सोडला होता. सगळे एकदम उडाले म्हणे, आणि राजा खूष झाला. मी एका बटाट्यात साधं पाणी सोडलं होतं. पुढे १९०१ साली रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल व्हान्ट हॉफला मिळालं, त्यात द्रावणांतला हा परासरण दाबच होता. आमच्या पेढीवर चहा आला तो आप्पांना आला, बायकांना आला, वॉचमनलाही आला. माझ्यासमोर टिश्यूपेपरचा डबा ठेवला.

बाकीच्या कांड्या मोजायला शेठनं परवानगी दिली, "पण लवकर." ०.४ ची कांडी पिवळीजर्द निघाली, त्या वाटीत हळदीचा अंश राहिला होता. एक बाई वाकून म्हणाल्या, "हे काय, नवीन डिझाइन?" ती काल ५.४० होती, आज ५.४१. म्हणजे बाहेरचं पाणी आणि आतला रस जवळजवळ तुल्यबळ, समपरासारी द्रावण म्हणतात ते हेच. शेवटी १ मोलरवाली. काल ५.३८, आज ३.९८. सव्वीस टक्के गायब. मुलानं चिमट्यानं उचलली तर ती मान टाकून लोंबली.

आप्पा एकदम मवाळ झाले. बराच वेळ त्या कांडीकडे बघत राहिले. "साखरमा ठेवेल व्हती?"

"हो. घट्ट पाक."

"मंग बराबर शे," आप्पा म्हणाले, आणि माझा डबा हातात घेऊन त्यांनी पेढीला शिकवायला सुरुवात केली. युरिया जास्ती पडना का पीक जयी जास, का? लोक म्हणतस खत गरम पडनं. गरमबिरम काही नही. जमीनमा खारट वाढनं का जमीनच मुयीमातलं पानी वढी लेस. वरतीन कितलंबी पानी द्या, पान सुकीच जास. मंग काय करानं? भरपूर पानी दी सन खत धुई काढानं. हे सगळं ते त्या लोंबत्या कांडीकडे बोट दाखवून सांगत होते. सोफ्यावरच्या बायका, ग्रॅमभर सोन्यासाठी आलेला एक नवरा-नवरी, चहावाला, सगळे ऐकत होते. कन्येच्या पाठ्यपुस्तकात या गोष्टीला रससंकोच आणि अतिपरासारी म्हटलंय आणि कन्येला ते दोन्ही पाठ आहेत. कळलेलं मात्र त्या दिवशी पेढीवरच्या बायकांना. कन्या कोपऱ्यावर पाणीपुरी खात होती.

"आप्पा, शिक्षण किती?" मी विचारलं.

"चौथी शिकेल शे." आणि शेठकडे वळून, "आते मनी घट पुन्हा मोजा."

शेठनं पुन्हा मोजली. तेवढीच निघाली. पण या वेळी आप्पांनी पैसे घेतले, माझा नंबर मागून घेतला, "निकाल लागना का सांग" असं बजावलं, आणि गेले. मी निघताना शेठ म्हणाले, "साहेब, पुढच्या वेळी कांदे आणू नका." सगळे हसले. मी अजूनही त्यावर द्यायचं उत्तर शोधतोय, आणि रोज एक सापडतं.

घरी आल्यावर कन्येनं सुबक आलेख काढला. शून्याची रेषा, म्हणजे जिथं वजन वाढतही नाही आणि घटतही नाही ती, ०.४ च्या किंचित पुढे ओलांडली गेली. ग्लासातलं साखरेचं पाणी आईनं फेकू दिलं नाही, दुसऱ्या दिवशी चहाला वापरलं. दुपारी आलेल्या पाहुण्यांनी चहाची तारीफ केली, म्हणाले, काहीतरी वेगळी चव आहे.

आणि मग निकाल. दहापैकी सहा. लाल शाईत शेरा: 'रीडिंग मॅच होत नाहीत.'

कशाशी मॅच होत नाहीत? गाईडशी. गाईडमध्ये रेषा ०.२ आणि ०.३ च्या मध्ये ओलांडली जाते. वर्गातल्या बहुतेकांची तिथंच ओलांडली गेली, एकाच दशांशस्थळावर, कारण त्यांनी एकाच गाईडच्या झेरॉक्सवरून ओलांडली. त्यांना नऊ, दहा. त्यांच्यापैकी कुणाच्या बापाला मान खाली घालून सराफासमोर उभं राहावं लागलं नाही, कारण त्यांच्या घरी बटाटा चिरलाच गेला नाही, गेला असेल तर भाजीला. मी शाळेत गेलो. शांतपणे सांगितलं की शीतगृहात ठेवलेल्या बटाट्यात पिष्टाची साखर होत जाते, आतला रस घट्ट होतो, म्हणून त्याच्याशी बरोबरी करायला बाहेरही जास्त साखर लागते. गाईडवाल्यानं ताजा बटाटा घेतला असेल, आमचा कोल्ड स्टोरेजचा. जातीनं फरक पडतो, वयानं पडतो. आकडा वेगळा आला हाच तर खरेपणा. बाईंनी ऐकून घेतलं. वाईट नाहीत त्या. साठ पोरं, चार वर्ग, वर जनगणना, मतदारयाद्या. म्हणाल्या, "तुमचं बरोबर असेल हो, पण मला तक्त्याप्रमाणेच द्यावे लागतात. उद्या तपासणीला आले तर मी काय दाखवू?" त्यांच्यामागे कपाट होतं. काचेतून काटा दिसत होता, सुस्थितीत.

मला राग सहा मार्कांचा नाही. राग असा की कन्येला धडा बरोबर कळला. संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी झेरॉक्सच घेऊ. पाच रुपयांत होतं." पंधराव्या वर्षी पोरीला इतका स्वच्छ हिशेब जमतो याचं कौतुक करायचं की काय करायचं, मला कळेना. बायको म्हणाली, साखरही वाचेल.

रात्री जेवताना अनोळखी नंबरवरून फोन आला.

"भाऊ, बटाटाना काय निकाल लागना?"

"दहामा सहा, आप्पा," मी म्हणालो. घरी होतो, एसी नव्हता.

पलीकडे ओठ हलल्याचा आवाज आला. "म्हणजे शंभरमा चाळीसनी कट्टी?"

"हां."

"इतली ते आमना व्यापारी बी लावत नही," आप्पा म्हणाले. "मास्तरना नंबर दे."